सकाळी सुजणारा चेहरा

श्रीगोंदा तालुक्यात लिंबाच्या बागेत वाकून काम करताना डोकं जड झालं, तर दोष उन्हाला जातो. सकाळी तोंड सुजलेलं दिसलं, तर घरचे ‘अ‍ॅलर्जी’ म्हणून मोकळे होतात. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण महिनाभरात सदऱ्याचं वरचं बटण लागेनासं झालं, बांगड्या मनगटात रुतू लागल्या, आडवं झालं की दम लागू लागला आणि गळ्यावर-छातीवर शिरा टरारून वर आल्या, तर या साऱ्या तक्रारींचं मूळ छातीतल्या एकाच शिरेत असू शकतं.

डोकं, मान आणि दोन्ही हातांतलं रक्त ऊर्ध्व महाशिरेतून हृदयात परततं. ही शीर जेमतेम सहा-सात सेंटिमीटर लांब. भिंत पातळ, आतला दाब कमी. भोवती श्वासनलिका, महाधमनी आणि लसिकाग्रंथींची दाटी. तिथे गाठ वाढली की ही शीर लगेच दबते. कुकडी कालव्याच्या आवर्तनावर जगणाऱ्या तालुक्याला पुढचं समजावून सांगायला नको: मुख्य चारी तुंबली की पाणी आडवाटा शोधतं. छातीवर दिसणाऱ्या फुगलेल्या शिरा याच त्या आडवाटा. अडथळा सावकाश वाढला तर त्या रुंदावतात आणि माणूस कित्येक आठवडे हिंडता-फिरता राहतो. झपाट्याने वाढला तर थोड्याच दिवसांत चेहरा ओळखू येत नाही.

1757 मध्ये विल्यम हंटर यांनी या आजाराचं पहिलं वर्णन केलं, तेव्हा कारण होतं उपदंशामुळे महाधमनीला आलेला फुगा. आज सर्वांत मोठा वाटा कर्करोगाचा आहे: फुप्फुसाचा कर्करोग आणि लिम्फोमा. नगर-संगमनेर हा विड्या वळणाऱ्यांचा मुलूख. तिथे विडी ओढणाऱ्याच्या सुजलेल्या चेहऱ्याकडे दुर्लक्ष करणं परवडणारं नाही. लिम्फोमा तर ऐन तरुणालाही गाठतो. डायलिसिससाठी मानेतून घातलेली नळी किंवा पेसमेकरची तार यांच्याभोवती गुठळी होऊनही शीर बंद पडते. क्षयासारख्या आजाराने छातीत व्रण राहिले, तरी ती आवळली जाऊ शकते.

खरी अडचण उपचाराच्या घाईची आहे. सूज दिसली की स्टेरॉइडचं इंजेक्शन, ही सवय खेड्यापाड्यांत मुरलेली आहे. लिम्फोमाची गाठ स्टेरॉइडने आकसते, सूज उतरते, रुग्ण समाधानाने घरी जातो. पुढे गाठीचा तुकडा तपासायला काढला, तर त्यात आजाराची ओळख पटण्याजोग्या पेशीच सापडत नाहीत. एक्स-रेवर सावली दिसली म्हणून थुंकी न तपासता टीबीच्या गोळ्या सुरू करणं हीदेखील तशीच चूक. त्यात महिने जातात, आणि कर्करोगाला महिनेच हवे असतात.

यावर कुणी म्हणेल, गुदमरणाऱ्या माणसाला थांबवून ठेवायचं का? नाही. श्वास घेताना घरघर वाजत असेल, ग्लानी येत असेल, माणूस भ्रमिष्टासारखं बोलत असेल, तर त्याच घटकेला मोठं रुग्णालय गाठायला हवं. मात्र अशी वेळ थोड्यांवरच येते. एके काळी डॉक्टरही हा आजार दिसताच तपासणीआधी किरणोपचार सुरू करत. पुढे अनुभवाने कळलं, की बहुतेक रुग्ण निदानासाठी लागणारे काही दिवस सुखरूप काढतात. म्हणून आधी एक्स-रे, मग शिरेत औषध सोडून केलेला सीटी स्कॅन, मग गाठीचा तुकडा, हा क्रम मोडू नये.

निदान झालं की उपचार बरेच आहेत. लिम्फोमा आणि लहान पेशींचा फुप्फुसाचा कर्करोग केमोथेरपीला चांगली दाद देतात. इतर गाठींना किरणोपचार लागू शकतात. मांडीच्या शिरेतून जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवला की दोन-तीन दिवसांत चेहरा उतरतो. कर्करोग बरा होणारा नसला तरी माणसाला पाठ टेकून झोपता येतं. गुठळी असेल तर रक्त पातळ करणारी औषधं देतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमोथेरपी आणि किरणोपचार येतात, हे रुग्णाच्या घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंत तालुक्याच्या डॉक्टरच्या हाती पुष्कळ आहे. उशाला उंची द्यावी, लागला तर ऑक्सिजन द्यावा, सलाईन सुजलेल्या हाताऐवजी पायात लावावी. पुण्याला किंवा नगरला पाठवताना चिठ्ठीत सूज केव्हापासून आहे आणि आजवर कोणती इंजेक्शनं दिली गेली, हे तारखांसह लिहावं. स्टेरॉइड दिलं असेल तर तेही.