पोत्यात न घातलेला हात

माझं माहेर वाडा तालुक्यात, सासर खडवलीला. दोन्हीकडे भातशेती. कल्याणच्या बाजार समितीत एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर मी बारा वर्षं हिशेब लिहिले. रोज कसारा लोकलचा धक्का खाऊन दुसऱ्याच्या तांदळाची बेरीज करायची. तो गाळा बंद पडला तेव्हा म्हटलं, आता आपलाच तांदूळ विकू. भावाच्या शेतातला तांदूळ पडघ्यावरून टेम्पोने येतो, मी घरी पाखडून, निवडून पाच-पाच किलोच्या पिशव्या भरते. फोनवरून आणि ऑनलाइन ऑर्डरी येतात. फोटो काढणं, मजकूर टाकणं ही कामं डोंबिवलीच्या भाच्याकडे.

गेल्या वर्षी भावाचा तांदूळ जानेवारीतच संपला. घरात आमच्या खडवलीच्या शेतातली अकरा पोती होती. बियाणं भावाकडचंच. दाणा तसाच बारीक, वास जवळजवळ तोच. भाचा म्हणाला, “मामी, हाच टाक ना वाडा कोलम म्हणून. कोण बघायला येतंय?”

मी म्हटलं, “अरे, पण हा वाड्याचा नाही.”

“बियाणं वाड्याचंच आहे ना? मग ‘अस्सल वाडा कोलम बियाण्याचा तांदूळ’ असं लिहू. यात खोटं काय आहे सांग.”

आणि खरंच, त्या ओळीत खोटा शब्द एकही नव्हता. मला रात्रभर झोप लागली नाही ती त्यामुळेच. खोटं बोलू नये हे मला पहिलीपासून ठाऊक आहे. खरं बोलून फसवता येतं का, हा प्रश्न मला बावन्नाव्या वर्षी पडला.

श्रावणात आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे, ओटीवर पांडवप्रताप वाचायचे. द्रोणाचार्यांच्या वधाची गोष्ट आली की मुलं सरसावून बसायची. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारलेला, युधिष्ठिराने ‘अश्वत्थामा मेला’ हे मोठ्याने सांगितलेलं आणि हत्तीचं तोंडातल्या तोंडात. गोष्टीतला बारकावा असा की, त्याचा रथ तोवर जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, तो त्या क्षणी खाली टेकला. ‘नरो वा कुंजरो वा’ हे आपण आता कुणी गोलमोल बोललं की सहज म्हणतो. पण ऑनलाइन धंदा करणाऱ्याने त्याचा अर्थ नीट बघावा. ‘वाडा कोलम’ मोठ्या ठळक अक्षरात आणि ‘बियाण्याचा’ बारीक अक्षरात, हा आमचा कुंजर होता. गिऱ्हाइकाने मोठं अक्षर वाचावं आणि बारीक वाचू नये, यासाठीच ती ओळ रचलेली होती. शब्द खरे होते, पण ते समोरच्याच्या डोक्यात जे चित्र उभं करणार होते ते खोटं होतं. आणि ते खोटं असावं हीच आमची इच्छा होती.

भाच्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, “मामी, व्यापारात एवढं चालतं.” त्याला माहीत नव्हतं, पण तो मनुस्मृतीच बोलत होता. ज्या पुस्तकाचं १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी दहन केलं, त्याबद्दल मला आदर नाही. तरी त्यात उपजीविकेच्या वाटांना दिलेली नावं गमतीची आहेत. शेतीला प्रमृत, नोकरीला श्ववृत्ती म्हणजे कुत्र्याची वृत्ती, आणि व्यापाराला सत्यानृत. थोडं खरं, थोडं खोटं, मिळून एकच शब्द. मी तिन्ही कामं केली आहेत. नोकरीबद्दल लिहिलंय ते कसारा लोकलमधल्या कुणालाही पटेल. व्यापाराबद्दलचं पटवून घ्यायचं की नाही, हा प्रश्न होता.

त्याला उत्तर महाभारतातच आहे आणि ते आपल्याकडे फार कमी सांगितलं जातं. कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयातून (१८६४ सालचं आहे ते) मी महाभारताचा मराठी अनुवाद खंड-खंड आणून वाचला, तेव्हा शांतिपर्वात जाजली आणि तुलाधार भेटले. जाजली मोठा तपस्वी. इतका निश्चल उभा राहिला की जटेत पाखरांनी घरटं केलं, अंडी घातली, पिल्लं उडून गेली. तेव्हा त्याला वाटलं, धर्म मला कळला. त्यावर आकाशवाणी झाली की तुला काशीच्या तुलाधाराची सर नाही. जाजली रागारागात काशीला गेला, तर तुलाधार दुकानावर माल विकत बसलेला. अत्तरं, रस, लाकूड, गवत. फक्त मद्य ठेवत नाही. तो काही स्वतः पिकवत नाही. दुसऱ्यांकडून विकत घेतो आणि कपट न करता विकतो, एवढंच तो स्वतःबद्दल सांगतो. माझा तराजू सगळ्यांना सारखा, म्हणतो. एवढ्यावर एक दुकानदार तपस्व्याला धर्म शिकवतो.

मला यातलं ‘दुसऱ्यांकडून घेऊन विकतो’ हे महत्त्वाचं वाटतं. म्हणजे तो आपल्यासारखाच मधला माणूस. माल कुठून आला, कसा आला हे त्याला माहीत असतं, गिऱ्हाइकाला नसतं. मधल्या माणसाचं भांडवल म्हणजे हे जास्तीचं माहीत असणं. त्याचं काय करायचं, यावर त्याचा धर्म ठरतो.

आता तुलाधाराच्या दुकानात आणि माझ्या धंद्यात एक मोठा फरक आहे. बाजार समितीत गिऱ्हाईक यायचं ते आधी पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचं. वरचा तांदूळ न बघता तळचा मूठभर काढायचं, तळहातावर पसरून कणी बघायचं, दोन दाणे दाताखाली धरून ओल तपासायचं, वास घ्यायचं. व्यापारी काहीही बोलो, हात खरं सांगायचा. थोडं वाढवून बोललेलं तिथे खपून जायचं, कारण कुणी ते गिळतच नव्हतं. माझ्या गिऱ्हाइकाला पोतं नाही, फोटो आहे. तो पैसे आधी देतो, तांदूळ चार दिवसांनी बघतो. त्या चार दिवसांत त्याचे पैसे माझ्याकडे ठेव म्हणून असतात असं मी मानते. त्याने मला आपला हात उसना दिलेला असतो; त्याच्या वतीने पोत्यात हात घालून जे लागेल ते मीच सांगायचं.

हे मला शहाणपणाने सुचलेलं नाही, फटका खाऊन कळलं. दुसऱ्या वर्षी डिसेंबरात मी नवा तांदूळ दहा किलो ठाण्याच्या एका बाईंना पाठवला. नवा तांदूळ पाणी कमी मागतो, नेहमीच्या मापाने घातलं तर भात गिचका होतो. मला हे माहीत होतं. पिशवीवर वजन, किंमत, पत्ता, पॅक केल्याची तारीख, अन्नसुरक्षेचा चौदा आकडी नंबर, सगळं होतं. नवा आहे एवढं मात्र कुठे नव्हतं. बाईंच्या घरी त्या दिवशी मुलीला बघायला पाहुणे होते. त्यांनी फोनवर आवाज चढवला नाही. “तुम्हाला माहीत होतं ना?” एवढंच विचारलं. कायद्याने माझी चूक काढता आली नसती. मला ‘हो’ म्हणायला मात्र फार वेळ लागला.

माझी मुलगी कल्याणला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकते. तिच्या नीतिशास्त्राच्या पुस्तकात दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन पंडित सिसेरो निघाला. त्याने मांडलेलं कोडं धान्याचंच आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडलाय, धान्याला सोन्याचा भाव. एक सज्जन व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचं जहाज घेऊन पोहोचतो. मागून आणखी जहाजं येताहेत हे त्याने वाटेत पाहिलंय. त्याने ते सांगावं, की गप्प राहून चढ्या भावाने विकावं? एक तत्त्ववेत्ता म्हणतो, न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. मालाचे दोष कायदा सांगायला लावतो तेवढे सांगितले की पुरे. दुसरा म्हणतो, सांगायलाच हवं. सिसेरो दुसऱ्याच्या बाजूने उभा राहतो. भाच्याला ती दादा म्हणते. म्हणाली, “आई, हे तर तुझं आणि दादाचं भांडण.”

पण मग सगळंच सांगायचं का? माझी खरेदी काय, नफा किती, हेही? इथे मी बराच विचार करून एक रेघ ओढली आहे. भाव माझा, माल त्याचा. किलोमागे मला किती सुटतात ते माझ्या वहीतलं आहे. भाव पटला नाही तर तो दुसरीकडे जाऊ शकतो. पण तांदूळ नवा की जुना, पॉलिश किती, कणी किती, कुठल्या शिवारातला, हे त्याच्या ताटात जाणार आहे. ते त्याचं आहे, माझ्याकडे फक्त आधी पोहोचलंय. कुठली गोष्ट सांगायची हे ओळखायची खूण सोपी आहे: जी कळली तर गिऱ्हाईक भाव पाडून मागेल असं आपल्याला वाटतं, तीच. आपली जीभ नेमकी तिथेच अडखळते.

वाडा कोलमला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. माहेरी आम्ही त्याला झिनी म्हणत आलो. त्या नावामागे तिथल्या शेतकऱ्यांच्या पिढ्यांची मेहनत आहे. २०१४ च्या ऑगस्टात पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत वाडा आणि खडवली एकाच ठाणे जिल्ह्यात होते, म्हणून भाचा थट्टेने म्हणाला, “जिल्हा फुटला नसता तर चाललं असतं का?” नसतं चाललं. भातसेच्या काठचा तांदूळ वैतरणेच्या नावाने विकला तर मी दोघांना फसवते, घेणाऱ्याला आणि माझ्या भावाला. माझ्या अकरा पोत्यांनी त्याच्या नावाची किंमत तेवढी कमी होते.

बाकी चलाख्याही भाच्याने सुचवल्या. घरातल्या दहा जणांनी पाच-पाच तारे द्यायचे. ‘फक्त २ पिशव्या शिल्लक’ असं कायम झळकत ठेवायचं. पहिल्याला २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी बंदी आहे. विक्रेत्याने गिऱ्हाईक बनून आपल्याच मालाचं कौतुक लिहायचं नाही. खोटी घाई लावणं हे २०२३ च्या नोव्हेंबरातल्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या युक्त्यांमध्ये मोजलंय. हे नियम नवे विक्रेते वाचत नाहीत, त्यांनी वाचावेत. पण मला त्यात वेगळंच दिसतं. या सगळ्या युक्त्या गिऱ्हाइकाचा हात पोत्यापासून दूर ठेवण्याच्या आहेत. त्याने बघू नये, विचारू नये, थांबू नये.

आता कुणी म्हणेल, बाई, सचोटीने शेवटी धंदा वाढतोच. हे वाक्य मला आवडत नाही. मी ते माझ्या वहीवरून खरं करून दाखवू शकत नाही. खडवलीचा तांदूळ मी ‘खडवलीचा बारीक तांदूळ, बियाणं वाड्याचं, शेत भातसेच्या काठचं’ असं लिहून किलोला अठरा रुपये कमी भावाने विकला. अकरा पोती संपायला पावसाळा उजाडला. शेवटच्या दोन पोत्यांत टोके झाले, तो तांदूळ आम्हीच खाल्ला. त्याच दिवसांत माझ्यासारख्याच तांदळाला मोठं नाव लावून विकणाऱ्यांचा माल हातोहात जाताना मी बघत होते.

तुकोबांपेक्षा मोठा साक्षीदार मराठी माणसाला नाही. देहूचं महाजनकीचं घर, वाण्याचा धंदा. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात धंदा बुडाला, पहिली बायको अन्नावाचून गेली. पुढे कर्जखतं वाटून घेऊन आपल्या वाट्याची त्यांनी इंद्रायणीत सोडली, असं परंपरा सांगते. त्यांच्या चोखपणाने दुकान वाढलं असं कुणीच सांगत नाही. म्हणून सचोटीला धंदा वाढवायची युक्ती समजू नये. युक्ती आहे म्हणून खरं बोलणारा माणूस दुसरी बरी युक्ती सापडली की खोटं बोलेल. तुलाधारालाही कुणी भरभराटीचं वचन दिलेलं नव्हतं.

मग खरं का बोलायचं? मला सापडलेलं उत्तर लहान आहे. न बघता पैसे देणारा माणूस माझ्यावर जो भार टाकतो, तो मी मागितलेला असतो. दुकान मांडून, फोटो लावून, ‘विश्वास ठेवा’ असं मीच म्हटलेलं असतं. मागून घेतलेली गोष्ट नीट परत करायची, एवढा धर्म खळ्यावरच्या पोरालाही कळतो. आप्पा धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. पण ते माप हाताने कधी दाबत नसत आणि सपाट करत नसत. शीग आपोआप राहील तेवढी राहू देत. मीही आता पाच किलोच्या पिशवीत मूठभर जास्त टाकते. ओला दाणा सुकला की वजन उतरतं आणि ते गिऱ्हाइकाच्या घरी उतरतं.

तुम्ही मसाले विकत असा, साड्या, पापड किंवा जुने मोबाइल, माझं एक ऐका. आज रात्री धंदा मिटल्यावर तुमची यादी उघडा आणि प्रत्येक वस्तूखाली एक ओळ लिहा, जी वाचून गिऱ्हाईक भाव पाडून मागेल. रंग पहिल्या धुण्यात जातो. पापड नाचणीचा आहे, पण उडीदही आहे. तांदूळ नवा आहे, पाणी कमी घाला. अशी ओळ सुचलीच नाही, तर समजा की तुम्ही स्वतःच अजून पोत्यात हात घातलेला नाही.