आळ आणि पारख

विज्ञान म्हटले की यंत्रे, विजेच्या तारा आणि औषधाच्या बाटल्या आपल्या डोळ्यांपुढे येतात. ती विज्ञानाची फळे झाली. मूळ विज्ञान म्हणजे एक रीत आहे. खरे काय नि खोटे काय हे पारखून घेण्याची रीत. ही रीत आम्ही कुठल्या महाविद्यालयात शिकलो नाही. दिंडीत शिकलो, आणि तीही एका निरपराध बाईवर आळ घेऊन शिकलो. तेव्हा आधी आमचा अपराध सांगतो, मग पुढचे बोलू.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आषाढीच्या वाटेवर एका मुक्कामी रात्री आमच्या दिंडीतली नऊ माणसे उलटी-जुलाबांनी आडवी झाली. डॉक्टरांची गाडी आली, सलाइन लागले, आणि पांडुरंगाच्या कृपेने सगळी वाचली. सकाळी प्रश्न उभा राहिला, हे झाले कशाने? आम्ही क्षणभरही थांबलो नाही. ‘कालचं पिठलंच बाधलं, दुसरं काय!’ असे चारचौघांत बोलून मोकळे झालो. स्वयंपाक करणाऱ्या मावशी चुलीपाशीच बसल्या होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला, पण उलट शब्द काढला नाही.

आमच्यात एक म्हातारे टाळकरी तात्या आहेत. शाळा दोन इयत्ता. ते म्हणाले, “बुवा, पिठलं तर मीबी खाल्लं. मला का न्हाई झालं? आन् विणेकरीबुवांचा काल सोमवार. त्यांनी पिठल्याला हातबी लावला न्हाई, मग त्ये का पडले?” पहिल्या प्रश्नावर आम्ही थट्टा केली, ‘तात्या, तुमचं पोट दगडाचं.’ दुसऱ्यावर मात्र आम्हाला उत्तर सुचले नाही.

तात्या उठले आणि एकेकापाशी बसून विचारू लागले, काय खाल्लं, पाणी कुठलं प्यालात? दुपारपर्यंत उलगडा झाला. नऊच्या नऊ जण मुक्कामाशेजारच्या शेतातल्या विहिरीचे पाणी प्यालेले. पिठले खाऊन धडधाकट राहिलेले बहुतेक जण टँकरचे पाणी प्यालेले. विहिरीचे पाणी पिऊनही दोघांना काही झाले नव्हते. तेही तात्यांनी लपवले नाही. जाऊन पाहिले तो आदल्या दिवशीच्या पावसात वरच्या अंगाची घाण विहिरीत उतरलेली. पिठले निर्दोष होते. आमची जीभ मात्र सदोष ठरली.

असाच प्रसंग, पण फार भयंकर, १८५४ साली विलायतेत लंडन शहरी घडला. ती हकिकत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची आहे, म्हणून ती आपल्याला परकी नाही. पंढरीच्या वाटेने पटकी पूर्वी पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे. साथ आली की गावोगाव मरीआईचा गाडा शिवेबाहेर लोटीत. पण आपणच तेवढे अडाणी होतो असे कोणी समजू नये. त्या काळी लंडनचे मोठमोठे वैद्यही हा रोग घाणेरड्या हवेतून येतो, असे छातीठोक सांगत.

जॉन स्नो नावाच्या डॉक्टराला हे पटेना. त्याचे म्हणणे असे की, रोग हवेतून येत असता तर आधी छाती बिघडली असती. इथे तर आधी पोट बिघडते. तेव्हा हे विष तोंडावाटे, बहुतकरून पाण्यावाटे, जात असावे. हा तर्क त्याने १८४९ सालीच छापून मांडला होता. पण तर्क मांडणे निराळे आणि तो खरा ठरणे निराळे.

ऑगस्ट १८५४ च्या अखेरीस लंडनच्या सोहो भागात, ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास, साथीचा भडका उडाला. दहा दिवसांत पाचशेंवर माणसे गेली. स्नोने मृतांची यादी मिळवली आणि दारोदार हिंडू लागला. बहुतेक मृत्यू रस्त्यावरच्या एका हातपंपाभोवतीचे होते. पण हवा वाईट म्हणणारा यावर सहज म्हणेल, की तेथली हवाच वाईट! म्हणून स्नोने अपवाद शोधले. जवळच निराश्रितांचे एक कामघर होते, त्यात ५३५ माणसे. चहूकडे मरण, पण तेथे पाचच दगावली. कामघराची विहीर स्वतंत्र होती. शेजारच्या बियरच्या कारखान्यात सत्तरांवर कामगार, त्यांतला एकही दगावला नाही. त्यांना प्यायला बियर मिळे आणि कारखान्यालाही स्वतःची विहीर होती. ते पंपाच्या पाण्याला शिवतच नसत. (माळकऱ्यांनी याचा भलता अर्थ काढू नये!) उलट दूर हॅम्पस्टेडला, जेथे साथ नव्हती, तेथे एक विधवा बाई पटकीने गेली. चौकशी केली तो कळले की तिला या पंपाच्या पाण्याची गोडी होती आणि गाडीवानाबरोबर ती तेच पाणी मागवी. तिच्याकडे आलेली भाची तेच पाणी प्याली, दुसऱ्या भागात आपल्या घरी परतली आणि तीही गेली. त्या दोघींची हवा वेगळी, घरे वेगळी. सारखे होते ते पाणीच. आमचे विणेकरी आठवतात ना?

स्नोच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. ‘दांडा काढला आणि साथ थांबली’ असे पुढे लोक सांगू लागले. पण स्नोने स्वतःच लिहून ठेवले आहे की, माणसे घरे सोडून पळाल्यामुळे साथ आधीच ओसरू लागली होती. आपल्या बाजूचा एवढा मोठा पुरावा त्याने आपल्याच हाताने हलका केला. आम्ही तेथे असतो तर गप्प बसलो असतो, हे कबूल करतो.

या हकिकतीतला आम्हाला सर्वांत प्रिय माणूस मात्र डॉक्टर नाही, एक तरुण पाद्री आहे. त्याचे नाव हेन्री व्हाइटहेड. तो त्याच वस्तीत सेवा करी, मरणाऱ्यांच्या उशाशी बसे. स्नोचे म्हणणे त्याला चुकीचे वाटले. मग त्याने काय केले? निषेध केला नाही, टिंगल केली नाही. स्नोला खोटे पाडायचेच, या इराद्याने तो ओळखीच्या घराघरांत गेला. एकेका घरी अनेकदा गेला. कोण कुठले पाणी प्याले ते विचारून लिहीत राहिला. लिहिता लिहिता त्याच्या ध्यानात आले की आपणच चुकतो आहोत. तसे त्याने उघड सांगितले. इतकेच नव्हे, स्नोला जे सापडले नव्हते तेही त्याने शोधले. पंपाजवळच्या घरातले एक तान्हे मूल साथीच्या आरंभी जुलाबांनी गेले होते आणि त्याची लंगोटी धुतलेले पाणी आईने दारच्या शोषखड्ड्यात ओतले होते. खड्डा उघडून पाहिला तेव्हा तो विहिरीपासून हातभराच्या अंतरावर असून त्याच्या विटा खिळखिळ्या झालेल्या आढळल्या. स्नोला खोटे पाडायला निघालेल्या माणसानेच त्याला खरे ठरवले!

त्याच साली स्नोने आणखी एक ताळा पाहिला. लंडनच्या एकाच भागात, एकाच गल्लीत, काही घरांना एका कंपनीचे पाणी होते, काहींना दुसरीचे. एक कंपनी शहराच्या घाणीखालचे नदीचे पाणी उचले. दुसरीने आपली जागा १८५२ साली घाणीच्या वर, प्रवाहाच्या उगमाकडे नेली होती. गरीब-श्रीमंत, हवा, घरे, सगळे सारखे. फरक तेवढा पाण्याचा. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत पहिल्या कंपनीच्या दर दहा हजार घरांमागे ३१५ माणसे गेली; दुसरीच्या ३७.

एवढे असूनही १८५५ साली सरकारी आरोग्य मंडळाने त्याचे म्हणणे मानले नाही. १८५८ साली स्नो वारला. पुढे १८८४ मध्ये जर्मन डॉक्टर कॉख यांनी आपल्या कलकत्त्यात येऊन पटकीचे जंतू पक्के दाखवले. आणि हे जंतू एक विष सोडतात व त्यानेच माणसाच्या अंगातले पाणी वाहून जाते, हे १९५९ साली कलकत्त्याच्याच शंभूनाथ डे यांनी सिद्ध केले. एकाने वाट पाडली, दुसऱ्याने रुंद केली. येथे कोणी आद्य नाही आणि कोणाचा शब्द शेवटचा नाही.

सांगायचे तात्पर्य, या रीतीच्या पायऱ्या अशा. डोळे उघडे ठेवून पाहावे. पाहिल्यावरून तर्क करावा. तर्क खरा असेल तर आणखी काय काय दिसले पाहिजे, हे आधीच ठरवावे आणि मग तेथे जाऊन पाहावे. आपल्याविरुद्ध जाणारी उदाहरणे मुद्दाम हुडकावीत. बाकी सर्व सारखे ठेवून एकाच गोष्टीचा फरक पाहावा. जे सापडले ते दुसऱ्यांना तपासू द्यावे. आणि चुकलो तर चुकलो म्हणावे. पहिल्या पायऱ्या बुद्धीच्या आहेत. शेवटची अहंकाराची आहे, आणि तीच चढायला अवघड.

येथे कोणी पूर्वपक्ष करील की, विज्ञान आज एक सांगते, उद्या दुसरे; मग त्यावर भरवसा काय ठेवावा? आम्ही म्हणतो, चूक दिसल्यावर जो बदलतो त्याच्यावरच भरवसा ठेवावा. हिशेबात चूक सापडली की खोडून नीट करतो तो दिवाणजी चांगला, की ‘माझी वही चुकतच नाही’ म्हणणारा?

दुसरी शंका अधिक नाजूक आहे. प्रत्येक गोष्टीला पुरावा मागू लागलो तर श्रद्धेचे काय? बाबांनो, प्रश्न कोणता ते आधी नीट पाहा. चंद्रभागेत बुडी मारताना मन भरून येते, त्याला पुरावा कोणी मागत नाही आणि मागू नये. पण तेच पाणी तांब्यात भरून दुसऱ्याच्या लेकराच्या ओठांना लावायचे असेल, तर ते शुद्ध आहे की नाही, हा प्रश्न भावाचा राहत नाही. आपल्या भावाने पाणी उकळत नाही. त्याला चूलच लागते. आपल्या समजुतीची किंमत दुसरा मोजणार असेल, तर ती न तपासणे हे भोळेपण नव्हे. तो अपराध आहे.

विज्ञानाचीही हद्द आहे. पाणी कसे मारते ते विज्ञान सांगते. परक्याचा जीव वाचवायला धाव, हे ते सांगत नाही. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत बनगावला पटकी पसरली आणि सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि साखरेचे पाणी पिंपांत कालवून आजाऱ्यांच्या नातलगांकरवी पाजले. शंभरांत तीसच्या आसपास असलेले मरण चारांच्याही खाली आले. त्यात शोध होता तसा कळवळाही होता. वारीत आज ओआरएसची जी पुडी हाती पडते ती याच वाटेने आली आहे.

असो. त्या दिवशी संध्याकाळी, हरिपाठ झाल्यावर, सर्वांच्या देखत आम्ही मावशींच्या पायांवर डोके ठेवले. आळ चारचौघांत घेतला होता, म्हणून क्षमाही चारचौघांतच मागायला हवी होती. मावशी म्हणाल्या, “जाऊ द्या बुवा. उद्यापासनं पेयचं पाणी उकळून घेऊ. मोठं पातेलं आहे माझ्यापाशी.”

तेव्हापासून आमच्या दिंडीत पाणी उकळते. आणि कोणाला दोष द्यायला आमची जीभ उठली की तात्या आमच्याकडे नुसते पाहतात.

रामकृष्णहरि!