डायनामोचा दिवा

सायकलच्या चाकाला टेकणाऱ्या बाटलीच्या आकाराच्या डायनामोविषयी नीतिविचाराच्या अंगाने लिहावे, हे कोणाला विक्षिप्तपणाचे वाटेल. परंतु मनुष्याने प्रकाशाची जी साधने निर्माण केली, त्यांपैकी फार थोड्यांत प्रकाश आणि त्याची किंमत ही दोन्ही एकाच क्षणी, एकाच देहाला जाणवतात. रॉकेलचे पैसे आधी मोजलेले असतात, विजेचे बिल महिन्याने येते; डायनामोचे मोल मात्र पोटऱ्या तिथल्या तिथे चुकवतात.

याचे कारण भौतिकशास्त्रात आहे. फॅरडेने १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. १८३४ मध्ये लेन्झने त्यातील एक मर्म नियमबद्ध केले : प्रवर्तित वीज आपल्याला जन्म देणाऱ्या गतीलाच विरोध करते. दिवा लावताच चाक जड होते, ते केवळ टायरवर फिरकी घासते म्हणून नव्हे. (काटेकोरपणे बोलायचे तर हे यंत्र डायनामो नव्हेच, ते प्रत्यावर्ती प्रवाह देणारे जनित्र आहे, पण लोकांनी एकदा शब्द स्वीकारला की पंडितांनी कुरकुर करू नये.) त्याची शक्ती ती केवढी? सहा व्होल्ट, तीन वॅट. त्यातले २.४ वॅट पुढच्या दिव्याला, ०.६ मागच्या तांबड्या दिव्याला. मागचा बल्ब गेला की त्याच्या वाट्याची वीजही पुढच्याला मिळे. तो अधिक तेजाने जळे आणि लवकरच तोही जाई.

१९७९ च्या सुमारास मी एका लहान गावी शिकत होतो. वाचनालयातून रात्री परतताना रस्त्याचा खड्डा न् खड्डा मला पाठ होता. पोलीस चौकी मागे पडली की मी वाकून डायनामो चाकापासून अलग करीत असे. चाक हलके होई, ती घरघर थांबे, आणि अंधारातून जाण्यात एक प्रकारची मिजासही वाटे. अशाच एका रात्री डोक्यावर ओझे घेतलेल्या एका वृद्ध बाईला माझा धक्का लागला. ती पडली. मनगट धरून उठता उठता एवढेच म्हणाली, ‘‘दिवा तरी लावायचा, बाबा.’’ मला रस्ता दिसत होता, असे मी तिला सांगणार होतो. ते वाक्य माझ्या तोंडून फुटले नाही.

दिवा वाट दिसण्यासाठी असतो, ही आपली सर्वसाधारण समजूत. साहित्यातील बहुतेक दीपप्रतिमाही तिच्यावरच उभ्या आहेत. सायकलच्या दिव्याचे अर्धे प्रयोजन मात्र आपण इतरांना दिसावे हे आहे. ज्याला वाट ठाऊक आहे, त्यानेही तो वाहायचा आहे, आणि त्यासाठी स्वतःचे बळ खर्चायचे आहे. टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) ज्या लोकसंग्रहाची मांडणी केली, त्याचा गाभा हाच नव्हे काय? ज्ञात्याला स्वतःसाठी काही मिळवायचे उरले नसले, तरी त्याचे कर्म सुटत नाही. एवढा मोठा शब्द एवढ्याशा बल्बवर लादावा का, हा प्रश्न मलाही पडतो. पण मोठ्या शब्दांची पारख लहान वस्तूंवरच होते.

तथापि, श्रमाचे भाबडे गौरवीकरण येथे टाळले पाहिजे. पहाटे दुधाच्या किटल्या लावून दहा कोस सायकल हाणणाऱ्याला ‘तुझा प्रकाश कष्टाचा, म्हणून पवित्र’ असे सांगणे ही सुस्थितांची करमणूक होय. त्याला चाक हलके हवे असते, आणि त्याचे बरोबर असते. चाकाच्या तुंब्यातच बसणारी आजची जनित्रे आणि एलईडी दिवे यांनी तो भार पुष्कळ हलका केला आहे. जुना दिवा सायकल थांबताच विझे, म्हणजे चौकात उभे असताना, नेमका हवा तेव्हा. आता धारित्रात साठलेली वीज तो काही मिनिटे तेवत ठेवते. जर्मनीत तर साध्या सायकलींना डायनामोची सक्ती होती. २०१३ मध्ये बॅटरीच्या दिव्यांनाही मुभा मिळाली.

याच तीन वॅटांवर आता मोबाईलही चार्ज होतो. प्रत्यावर्ती प्रवाह एकदिश करून पाच व्होल्टवर आणला की झाले. मोबाईलची बॅटरी साधारण पंधरा वॅट-तासांची धरली, तर ती भरायला निदान पाच-सहा तासांची दौड हवी. वेग बेताचा असेल तर दिवा आणि मोबाईल दोघांना पुरेशी वीज मिळत नाही. एकाची निवड करावी लागते.

माझा एक विद्यार्थी अशा सायकलीवरून लांबचे प्रवास करतो. त्याने हँडलवरचे बटण मला कौतुकाने दाखवले. मी विचारले, ‘‘अंधार पडल्यावर हे कुणीकडे वळवतोस?’’ तो जरा घुटमळला. ‘‘मोबाईलकडे, सर. नकाशा त्यात असतो ना.’’ मला त्याला उत्तर देता आले नाही. त्या रात्री नकाशा माझ्याजवळही होता, तोंडपाठ.