गर्दी चुकविण्याविषयी

तंजावरात नव्याने बदलून आलेल्या माणसास एक सल्ला हटकून मिळतो : तिरुवैयारूस जावे, परंतु आराधनेचे दिवस टाळून. पौष वद्य पंचमी ही त्यागराजांची पुण्यतिथी. त्या सकाळी कावेरीकाठी, समाधीपुढे, शेकडो गायक एकत्र बसून पंचरत्न कृती गातात आणि ऐकणाऱ्यास पाय ठेवावयास जागा उरत नाही. मीही आडदिवशीच जातो. फायलींच्या ढिगाऱ्यातून सुटलेल्या कारकुनाला नदीचा वारा आणि रिकामा ओटा पुरेसा असतो.

परंतु ही शांतता हवी म्हणजे नेमके काय हवे, असा विचार करू लागलो की मन अडखळते. गर्दी मोजताना आपण स्वतःस वगळतो. आषाढीस पंढरपुरी ‘काय ही गर्दी!’ म्हणणारा स्वतःस वारकरी समजतो. गर्दी म्हणजे त्याच्या पुढे उभे असलेले बाकीचे.

तिरुवैयारूस एके काळी आजच्याहून पुष्कळ अधिक शांतता होती. समाधीवरील मंदिर 1920 च्या दशकात बंगळूर नागरत्नम्मांनी स्वतःची मिळकत खर्चून उभारले. त्या देवदासी कुळातील होत्या. आणि त्या मंदिरापुढील उत्सवात स्त्रियांना गाण्याची मुभा नव्हती. तेव्हा त्यांनी स्त्रियांची वेगळी आराधना सुरू केली. सर्वांचा मेळ बसावयास 1940 च्या आसपासचा काळ उजाडला. आजची गर्दी काही अंशी त्या उघडलेल्या दाराची आहे. तिला नावे ठेवताना जीभ चाचरते.

मग दार लावणे सर्वदा अन्यायाचेच काय? क्योतोतील साइहो-जी हे मंदिर शेवाळाच्या बागेसाठी विख्यात आहे. तेथे 1977 पासून मुक्त प्रवेश नाही; आगाऊ अर्ज करावा, दक्षिणा द्यावी, सूत्राची प्रत उतरावी अशी तेथील रीत. (अर्जांतच आयुष्य चालले असल्याने मला ही पद्धत परकी वाटली नाही!) शेवाळ नाजूक असते, हे मान्य. शिवाय तेथे जात वा लिंग पाहून कोणास वगळलेले नाही. तथापि अर्ज कसा करावा हे ज्यास ठाऊक नाही आणि दक्षिणा ज्यास परवडत नाही, तो बाहेरच राहतो, ही टोचणी उरते. मी आडदिवशी जातो तेव्हा माझ्या शांततेची किंमत माझ्याच रजेतून वळती होते. तेथे ती थोडीफार दुसराही देतो.

आणि आडदिवशी जाऊन मला मिळते ते काय? समाधी मिळते. नाट रागापासून श्री रागापर्यंतच्या त्या पाच कृती, ज्यांत पट्टीचा गवई आणि शेजारचा बेसूर शिकाऊ यांचा आवाज वेगळा काढता येत नाही, त्या मिळत नाहीत. ते गाणे रिकाम्या मांडवात होत नाही.