न केलेल्या कर्माचा दोष

९ जानेवारी २०२१ रोजीं रात्रीं भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयांत नवजात अर्भकांच्या कक्षास आग लागून १० अर्भकें दगावलीं. सारा महाराष्ट्र हळहळला. आगीस ज्वाळा असतात, म्हणून तिची चौकशी होते. परंतु वृद्धाश्रमांत अंथरुणास खिळलेल्या म्हातारीची रात्रींची गोळी द्यावयाची राहिली, तर तें कोणास दिसणार? मुलें पोटासाठीं पुण्या-नागपुरास गेलीं आणि घरीं पाहणारें कोणी उरलें नाहीं, ही स्थिति वैनगंगेच्या कांठींहि आतां नवी नाहीं.

गोळी न देणें हें कर्म आहे काय? नित्यकर्म न केल्यास प्रत्यवाय लागतो, असें एक जुनें मत आहे. त्यावर श्रीशंकराचार्यांनीं गीताभाष्यांत आक्षेप घेतला कीं, अभावापासून भाव कसा उत्पन्न होईल? आक्षेप बिनतोड आहे. पण येथें तो लागू पडत नाहीं. अपस्माराची गोळी चुकली तर झटका येतो. कंपवाताची उशिरा मिळाली तर अंग लाकडासारखें ताठरतें. हा अनर्थ अभावांतून जन्मलेला नसतो. रोग आधींपासून तेथें असतोच. गोळी त्यास थोपवून धरीत असते. बांध राखणारा निजला म्हणजे पूर त्यानें आणिला असें होत नाहीं, तरी शेत बुडतें तें त्याच्या निजण्यानें.

मग दोषी कोण? १८३७ सालच्या दंडसंहितेच्या मसुद्यांत मेकॉले आदि आयुक्तांनीं याचा विचार केला आहे. भिकाऱ्यास अन्न न दिल्यानें तो मेला तर तो खून नव्हे. परंतु अंथरुणास खिळलेल्या रोग्यास भरविण्यासाठीं नेमलेल्या परिचारिकेनें बुद्ध्या अन्न न देऊन त्यास मारिलें, तर तो खूनच. भार पत्करल्यानें कर्तव्य उत्पन्न होतें, हें यांतील मर्म.

तथापि चुकून राहिलेली गोळी आणि बुद्ध्या नाकारलेलें अन्न यांस एकच माप लावणें अन्यायाचें होईल. एकट्या परिचारिकेवर रात्रीं अनेक रोगी सोंपविणाऱ्या चालकानेंहि भार पत्करलेलाच असतो. शिवाय केवळ दंडाची भीति घातली, तर गोळी न देतां नोंदवहींत खूण मात्र होते. आणि ती खोटी खूण मूळ चुकीहून घातक, कारण पुढें वैद्यहि फसतो.

आणि मुलांचें काय? पैसे देऊन काम सोंपवितां येतें, ऋण सोंपवितां येत नाहीं. दूरध्वनीवर ‘आई बरी आहे ना?’ असें विचारणें सोपें. ‘काल रात्रींची गोळी मिळाली का?’ असें विचारावें, आणि ‘नाहीं’ हें उत्तर न रागावतां ऐकून घ्यावें. खरें सांगण्यास वाव राहील, तेथेंच चूक सुधारण्यासहि वाव राहील.