मृताचं नाव शोधायचं कुणी?

सप्टेंबर २०२४ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडच्या पोलीस ठाण्यात एक तरुण आला. जंगलातला एक मृतदेह आपल्याला स्वप्नात दिसतो, असं तो सांगत होता. पोलीस भोस्ते घाटात उतरले आणि तिथं खरोखरच मानवी सांगाडा सापडला. पुढं कितीतरी दिवस बातम्यांत, चहाच्या टपरीवर, एसटीत चर्चा रंगली ती स्वप्नाची. स्वप्न खरं कसं झालं, त्या तरुणाला काय ठाऊक होतं, हेच सगळे विचारत होते. जो माणूस त्या घाटात पडून हाडांचा सांगाडा झाला, तो कोण, कुठला, त्याची कुणी वाट पाहत असेल का, हे प्रश्न मागं पडले. मला मात्र महत्त्वाचे वाटतात ते हेच प्रश्न.

हाडं बोलतात, असं आपण म्हणतो. ती किती बोलतात, ते नीट पाहायला हवं. कमरेच्या हाडाच्या मागच्या बाजूला एक खाच असते. ती रुंद असेल तर सांगाडा बहुधा स्त्रीचा, अरुंद असेल तर पुरुषाचा. गळपट्टीच्या हाडाचं छातीकडचं टोक विशीच्या उत्तरार्धात किंवा तिशीच्या उंबरठ्यावर पूर्ण जुळून येतं, म्हणून तरुण माणसाच्या वयाचा अंदाज त्यावरून बांधता येतो. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंची काढता येते. जुना सांधलेला अस्थिभंग, दातात भरलेलं सिमेंट, झिजलेली दाढ, सगळ्याची नोंद होते.

कोकणात हे काम आणखी अवघड होतं. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी, त्यामुळं हाडातलं खनिज हळूहळू विरघळतं. दमट उष्म्यात डीएनएचे तुकडे होतात. पावसाळ्यात उघड्यावर पडलेल्या देहाचा काही आठवड्यांतच सांगाडा होतो. अशा वेळी न्यायवैद्यक तज्ज्ञ दात शोधतात, किंवा कानामागच्या कवटीचा तो अतिशय घट्ट भाग, जिथं डीएनए सगळ्यात जास्त काळ टिकतो.

एवढं सगळं हाती लागलं तरी उत्तर येतं ते असं: पुरुष, वय तीस ते चाळीस, उंची साडेपाच फूट. हे वर्णन झालं, ओळख नव्हे. डीएनएचा आलेख म्हणजे शेवटी आकड्यांची एक रांग असते. दुसऱ्या कुणाच्या आलेखाशी ती ताडून पाहिल्याशिवाय तिला काहीच अर्थ नसतो. मृताची ओळख अर्धी त्याच्या हाडांत असते आणि अर्धी जिवंत माणसांकडे: आईच्या रक्तात, घरातल्या फोटोत, दंतवैद्याच्या कागदात. विज्ञान पहिला अर्धा भाग उत्तम वाचतं. दुसरा अर्धा गोळा करणं हे समाजाचं आणि सरकारचं काम आहे, आणि आपण कमी पडतो ते तिथंच.

या शास्त्राच्या इतिहासातला एक मोठा खटला मुंबईशी जोडलेला आहे. बक रक्स्टन हा मुंबईत जन्मलेला, मुंबईतच वैद्यकीय शिक्षण घेतलेला पारशी डॉक्टर इंग्लंडमधल्या लँकेस्टरला व्यवसाय करत होता. १९३५ मध्ये त्यानं पत्नीचा आणि घरातल्या आयाचा खून केला आणि देहाचे तुकडे स्कॉटलंडमधल्या मॉफटजवळच्या घळीत फेकले. ओळख पटू नये म्हणून चेहऱ्याच्या खुणा छाटल्या, दात उपटले, काही बोटांची टोकं कापली. प्राध्यापक जॉन ग्लेस्टर आणि जेम्स ब्रॅश यांनी तुकडे जुळवून दोन देह वेगळे केले. मग कवटीचं छायाचित्र पत्नीच्या जुन्या फोटोवर तंतोतंत ठेवून पाहिलं. ते जुळलं. पण तपास लँकेस्टरला पोचला तो एका वर्तमानपत्रामुळं. तुकडे ज्या कागदात गुंडाळले होते, ती फक्त त्याच भागात वाटली गेलेली विशेष आवृत्ती होती. पत्ता कागदानं दिला, खात्री घरातल्या फोटोनं आणि कवटीनं मिळून दिली.

आपल्या शेजारच्या गोव्यातलं उदाहरण तर याहून बोलकं आहे. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये इराणच्या शाह अब्बासच्या हुकुमावरून शिराजमध्ये ठार करण्यात आलं. ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी तिचे काही अवशेष जुन्या गोव्यातल्या आपल्या मठात आणून ठेवले. मठ पडला, जागा विस्मरणात गेली. अवशेष चॅपेलच्या खिडकीजवळ ठेवल्याची नोंद पोर्तुगीज कागदपत्रांत होती. तिच्या आधारे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यानं शोध घेतला आणि हाडं मिळाली. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी एका हाडातून आईकडून येणारा डीएनए काढला. भारतीय उपखंडातल्या बावीस हजारांहून अधिक लोकांच्या नमुन्यांत तो वंशप्रकार कुठंच नव्हता, आणि जॉर्जियातल्या अवघ्या तीस जणांत तो दोघांमध्ये मिळाला. २०२१ मध्ये भारतानं त्या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला सुपूर्द केला.

चारशे वर्षांपूर्वीच्या हाडाची ओळख पटू शकली, कारण एका देशाला ती हवी होती, कागद जपलेला होता आणि ताडून पाहायला नमुने होते. मग दोन वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाची का पटू नये?

जून २०२५ मध्ये अहमदाबादला एअर इंडियाचं विमान कोसळलं. मृतांचा आकडा २६० झाला. अनेक देह ओळखण्यापलीकडं जळाले होते. तरी डीएनए चाचण्यांच्या आधारे साधारण पंधरा-सोळा दिवसांत ओळख पटवण्याचं काम पूर्ण झालं. प्रवाशांची यादी हाती होती, नातेवाईक स्वतःहून रक्त द्यायला आले होते आणि सगळी यंत्रणा एका जागी कामाला लागली होती. प्रश्न सोडवायचं ठरवलं की तो सुटतो, हे आपण पाहिलं.

कोकणातही हेच दिसलं होतं. सावित्री नदीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला, तेव्हा जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या पुरात गेल्या. काही मृतदेह वाहत खाडीतून समुद्रात आणि तिथून दापोलीच्या आंजर्ले किनाऱ्यापर्यंत पोचले. दुर्घटनेची बातमी नसताना त्यातला एखादा देह आंजर्ल्याच्या वाळूवर आला असता, तर त्याची नोंद ‘अनोळखी पुरुष’ एवढीच झाली असती. पूल कोसळल्याचं जगाला ठाऊक होतं, म्हणून त्याला नाव मिळालं.

रोजचे मृतदेह असे यादीतले नसतात. किनाऱ्याला लागलेला, रेल्वेरुळाजवळ सापडलेला, घाटात कुजलेला देह घ्या. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं, वर्तमानपत्रात दोन ओळींचं आवाहन येतं, आणि काही दिवसांनी अंत्यविधी उरकला जातो. त्याच माणसाची ‘मिसिंग’ची तक्रार दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात पडून असते. रत्नागिरीच्या आंबा बागांत राखणीला नेपाळी माणसं असतात, मिरकरवाड्याच्या बोटींवर नेपाळी आणि परप्रांतीय खलाशी असतात. त्यांच्यातला एखादा नाहीसा झाला, तर हिमालयाच्या पायथ्याशी असलेली त्याची आई खेड किंवा गुहागरच्या ठाण्यातलं रजिस्टर कधी आणि कसं पाहणार?

नोंदीतली ढिलाई काय करू शकते, हे शीना बोरा खून प्रकरणानं दाखवलं. मे २०१२ मध्ये पेण तालुक्यातल्या गागोदे गावाजवळ अर्धवट जळलेले मानवी अवशेष सापडले. काही नमुने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाकडं गेले, उरलेलं तिथंच पुरलं गेलं आणि तपास थांबला. २०१५ मध्ये दुसऱ्याच धाग्यावरून प्रकरण उघडलं, तेव्हा जागा पुन्हा खणून हाडं काढावी लागली. खटला अजून न्यायालयात आहे, त्यावर इथं बोलायचं कारण नाही. एवढं मात्र खरं, की ते अवशेष तीन वर्षं आपल्या हाताशी होते आणि कुणाशी ताडून पाहायचं हेच कुणी ठरवलं नव्हतं.

कायद्याच्या पातळीवरही तेच. अनोळखी मृतदेहांच्या डीएनए नोंदी ठेवाव्यात, या मागणीची याचिका सर्वोच्च न्यायालयात होती. त्यासाठी विधेयक आणू, असं केंद्रानं २०१८ मध्ये सांगितलं. २०१९ मध्ये विधेयक लोकसभेत मांडलं गेलं, २०२३ मध्ये मागं घेण्यात आलं. त्याला विरोध करणाऱ्यांची भीती मला खोटी वाटत नाही. लोकांचा डीएनए सरकारच्या हाती गेला की त्याचा गैरवापर होऊ शकतो. म्हणूनच हरवलेल्यांच्या नातेवाइकांचे नमुने गुन्हेगारांच्या नोंदींपासून कायद्यानंच वेगळे ठेवावे लागतील आणि ओळख पटली की नष्ट करावे लागतील. आईनं मुलगा शोधायला दिलेलं रक्त तिच्याच दुसऱ्या मुलाविरुद्ध वापरलं जाणार असेल, तर कोणती आई पुढं येईल? बोस्नियात युद्धानंतर सामूहिक कबरींतल्या हाडांची ओळख पटवताना हाच मार्ग यशस्वी झाला: नातेवाइकांकडून विश्वासानं रक्त मिळवलं आणि स्रेब्रेनिका हत्याकांडातल्या बहुसंख्य मृतांना नावं परत मिळाली.

मेल्यावर नावाचं काय एवढं, असं कुणी म्हणेल. त्यानं एकदा तलाठी कार्यालयात जाऊन यावं. माणूस नाहीसा झाला की सात वर्षं उलटेपर्यंत कायदा त्याला सहसा मृत मानत नाही. तोवर सातबाऱ्यावर त्याचं नाव तसंच राहतं, वारसनोंद होत नाही, विमा मिळत नाही, बँकेतला पैसा अडकतो. बायको कुंकू लावते की पुसते, याचा हिशेब गाव ठेवतं. इर्शाळवाडीत २०२३ च्या दरडीखाली ५७ माणसं सापडलीच नाहीत आणि शोध थांबवावा लागला. तिथं सरकारनं वेगळा निर्णय घेऊन त्यांना मृत मानलं. एकट्यादुकट्या हरवलेल्या माणसाच्या घरासाठी असा निर्णय कुणी घेत नाही.

करायचं ते अवघड नाही. प्रत्येक अनोळखी मृतदेहाचा दात किंवा हाडाचा नमुना काढून जपावा. देह जाळू नये, क्रमांक लावून पुरावा. माणूस ठरावीक मुदतीत परतला नाही, तर तक्रारीसोबतच नातेवाइकांच्या संमतीनं नमुना घ्यावा. दोन्ही नोंदी राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत एकमेकींशी ताडल्या जाव्यात आणि राज्याच्या, देशाच्या सीमेपलीकडून आलेली चौकशीही तिथं पोचावी. रत्नागिरीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आपल्या माती-हवामानात मृतदेहाचं काय होतं, याचा अभ्यास इथंच व्हायला हवा.

नातेवाइकानं ठाण्याचे उंबरठे झिजवले तरच ओळख पटावी, ही रीत बदलली पाहिजे. जन्माची नोंद करणं जसं सरकार आपलं कर्तव्य मानतं, तसंच मेलेल्याला त्याचं नाव मिळवून देणं हेही कर्तव्य मानावं. ते मागायला मृत येऊ शकत नाही, म्हणून त्याच्या वतीनं आपण मागायचं: आमदाराला विचारून, जिल्हा नियोजनाच्या बैठकीत विषय लावून, आपल्या तालुक्यातल्या ठाण्यात किती अनोळखी मृतदेहांची नोंद आहे आणि त्यांतल्या कितींचे नमुने जपले आहेत, हे माहितीच्या अधिकारात काढून.