एक ना धड, भाराभर टी-शर्ट

"कुणी ना कुणी घेईलच, मॅडम." तुझं हे वाक्य मला पटलेलं नाही, आणि का पटलेलं नाही ते आज तुला नीट बसून ऐकावं लागेल.

तुझं ऑनलाइन दुकान मी वरपासून खालपर्यंत पाहिलं. जिमवाल्यांसाठी इंग्रजी सुविचार, त्याखाली बारा राशी, त्याखाली बुलेट, पुढे मांजरं, महादेव, 'गर्व आहे इंजिनियर असल्याचा', नवरा-बायकोचे जोडीचे टी-शर्ट. शिवाय कप, उशीचे अभ्रे, मोबाइलची कव्हरं. खाली जात राहिले तरी दुकान संपेना, आणि हे नेमकं कुणासाठी उघडलंय तेही कळेना. याला खोगीरभरती म्हणतात. ती तू आईने भिशी उचलून दिलेल्या पैशांवर केली आहेस, म्हणून मला बोलावं लागतंय. स्वतःचे पैसे उडवले असतेस तर एकदा रागावून सोडून दिलं असतं.

तुझी चूक कुठून सुरू झाली ते मला दिसतंय. या धंद्यात माल भरून ठेवावा लागत नाही. ऑर्डर आली की छापणारा एक नग छापतो, तोच पाकीट बांधतो, तोच कुरिअरला देतो. गाळा नको, गोदाम नको, डिपॉझिट नको. चारशे डिझाइनं टांगायला चार डिझाइनांइतकाच खर्च येतो. मग तुला वाटलं, टांगून ठेवायला काय जातंय? जातं ते जाहिरातीत. डिझाइन तुझ्या पानावर फुकट राहतं, पण ते पाहायला माणूस आणायचा तर त्याचे पैसे मोजावे लागतात. राशीवाला माणूस वेगळा, बुलेटवाला वेगळा, मांजरवाली वेगळी. प्रत्येकाला शोधायला वेगळी जाहिरात, आणि त्यातला एकही दुसऱ्याला बोलावून आणणार नाही, कारण त्यांची एकमेकांशी ओळखच नाही.

दोन वर्षं माझ्याकडे बीके म्हणजे बुककीपिंग शिकलास, आता वही काढ. टी-शर्ट ४९९ रुपयांना विकतोस. त्यातला कर बाजूला काढला की ४७५ उरतात. कोरा टी-शर्ट आणि छपाई मिळून २६० धर, कुरिअर आणि कॅश ऑन डिलिव्हरीचा आकार मिळून ८५ धर. हातात राहिले १३०. आता एक ऑर्डर मिळवायला जाहिरातीवर १५० गेले, तर प्रत्येक टी-शर्टमागे वीस रुपये तू पदरचे घालतोयस. नाकापेक्षा मोती जड झाला. आणि गिऱ्हाइकाने दारात आलेलं पाकीट परत पाठवलं तर? किराणा दुकानात परत आलेला साबण पुन्हा फळीवर जातो. 'वृश्चिक' छापलेला मध्यम मापाचा टी-शर्ट परत आला तर तो कुणाला देणार आहेस? २६० गेले, जाण्या-येण्याचं भाडं गेलं, म्हणजे तीन चांगल्या विक्रींची कमाई एका परतीत साफ. कॅश ऑन डिलिव्हरीवर तर रागाच्या, हौसेच्या, झोप न आलेल्या रात्रीच्या ऑर्डरी येतात. हौस सकाळी उतरते आणि कुरिअरवाला दुपारी येतो.

हाच हिशेब एका गटासाठी दुकान काढलंस तर कसा बदलतो ते बघ. पहिली ऑर्डर तोट्यातच जाईल, तिथे फरक नाही. पण तोच माणूस दोन महिन्यांनी दुसरा टी-शर्ट घ्यायला आला, तर त्याला आणायला जाहिरातीचा पैसा लागला नाही. ते १३० पूर्ण तुझे. त्याने ग्रुपवर फोटो टाकला आणि तिघांनी विचारलं, "कुठून घेतलास?", तर त्या तिघांचेही तुझेच. धंदा या दुसऱ्या आणि तिसऱ्या विक्रीवर चालतो. तुझ्या दुकानात वृश्चिकवाला दुसऱ्यांदा यायचा तर कशासाठी? त्याची रास तर बदलणार नाही.

तू मला उल्हासनगरचं उदाहरण दिलंस. "तिथे सगळं मिळतं, म्हणून तर कर्जत-कसाऱ्याहून लोक येतात." अरे, तू जन्मल्यापासून बदलापूरला राहतोस, दोन स्टेशनं पलीकडचं हे गाव तू कधी डोळे उघडून पाहिलंस का? सगळं मिळतं ते शहरात. एकेका दुकानात सगळं मिळत नाही. गजानन मार्केटमध्ये जा आणि एखाद्या ओढणीवाल्यासमोर उभा राहा. कापडाचा तुकडा दाखवलास की रंग, पोत, लांबी, कुठल्या ड्रेसवर जाईल, हे तो बोटांनी चाचपून सांगतो. त्याच्याकडे तू स्टीलचा डबा मागून बघ. जीन्सचं काम तर याहून बारीक वाटलेलं असतं. कापणारा वेगळा, शिवणारा वेगळा, धुलाई वेगळी, बटण-लेबल लावून इस्त्री करणारा वेगळा. त्या धुलाईच्या पाण्याने वालधुनी नदी नासली, हेही सांगून ठेवते, कारण कामात तरबेज असणं म्हणजे सगळं बरोबरच करणं नव्हे. पण कसब बघ. फाळणीनंतर सिंधहून ही माणसं कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींमध्ये येऊन पडली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचं उल्हासनगर झालं. हातात भांडवल नसलेल्या माणसांनी एकेक जिन्नस धरला, त्यातलं सगळं शिकून घेतलं आणि त्याच जिनसाचे चार दुकानदार शेजारी-शेजारी बसले. त्यातून बाजार उभा राहिला. तू एकटाच अख्खा बाजार व्हायला निघाला आहेस.

मग तू टी-शर्टवाल्या मोठ्या ब्रँडांची नावं पुढे केलीस. मुंबईत बेवकूफ २०१२ साली सुरू झालं, द सोल्ड स्टोअर २०१३ साली. आज दोन्हीकडे कपड्यांचे ढीग आहेत, हे खरं. पण सोल्ड स्टोअर सिनेमा-मालिका-कॉमिक्सवर जीव टाकणाऱ्या पोरांना धरून वाढलं आणि ती चित्रं छापायचे रीतसर परवाने त्यांनी घेतले. त्याही आधी १९९७ पासून मुंबईच्या 'तंत्रा' या ब्रँडने भारतीय जगण्यातल्या गमती टी-शर्टवर छापल्या. एकच सूर, पण तो पक्का धरला. अॅमेझॉनने १९९५ साली फक्त पुस्तकं विकली. सगळे आधी एका दारातून आत गेले, भिंती नंतर पाडल्या. उलटी गोष्टही ऐक. अमेरिकेतलं कॅफेप्रेस १९९९ पासून सगळ्यांचं सगळं छापून देत होतं. तुझ्यासारख्या हजारो दुकानदारांचा तो बाजारच होता. २०१२ साली १९ डॉलरला एक या भावाने त्याचे शेअर बाजारात आले. २०१८ साली कंपनी विकली गेली ती शेअरमागे १.४८ डॉलरला. तुझ्या खिशात भिशीचे पैसे आहेत आणि तू कॅफेप्रेसची ऐसपैस चाल चालतोयस.

आता ज्या गोष्टीचा मला खरा संताप आला ती. तुझ्या दुकानात एका क्रिकेटपटूचा चेहरा आहे, दोन सिनेमांचे संवाद आहेत आणि कपांवर पु. लं.ची वाक्यं आहेत. कुणाला विचारलंस? लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं त्याच्या लेखनाचा हक्क वारसांकडे राहतो. पु. ल. २००० साली गेले, म्हणजे २०६० संपेपर्यंत ते लेखन फुकटचं नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ काढून वाच. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड असं त्यात लिहिलेलं आहे. "सगळेच छापतात" हे उत्तर तू मला अकरावीतही द्यायचास, तेव्हाही मी ते चालवून घेतलं नव्हतं. आणि हे तुझ्याकडून का होतं, तेही सांगते. शंभर तऱ्हेच्या गिऱ्हाइकांसाठी शंभर तऱ्हेचं स्वतःचं सुचणं शक्य नसतं. मग माणूस उचलेगिरी करतो. जे आपल्या माहितीतलं नाही ते विकायला काढलं की हात आपोआप दुसऱ्याच्या ताटात जातो. ही तिन्ही आज रात्री काढून टाक.

तुला काय माहीत आहे, हे तू मला कधी सांगितलंच नाहीस. मलाच विचारावं लागलं. पावसाळ्यात एकही रविवार तू घरी नसतोस. चंदेरी, ताहुली, मलंगगड, पेब, तिकडे मुरबाडच्या बाजूला गोरखगड आणि सिद्धगड. चंदेरीचा सुळका कुठला आणि शेजारचा म्हैसमाळ कुठला, हे तू लोकलच्या दारातून बोट दाखवून सांगतोस. मग तुझ्या दुकानात डोंगर चढणाऱ्याचा एकही टी-शर्ट का नाही? होता म्हणे एक, 'माउंटन्स आर कॉलिंग', आणि त्यावर बर्फाची शिखरं. सह्याद्रीत बर्फ कुठे पाहिलास?

मी गड चढणारी बाई नाही, पण प्रश्न विचारता येतात. पाठीवर सॅक असते ना? मग पाठीवर छापलेलं चित्र कोण बघणार? सॅकचे पट्टे दोन्ही खांद्यांवरून खाली येतात, छातीवर आडवा पट्टा असतो. उरते ती छातीवरची मधली पट्टी आणि बाह्या. तुझी सगळी डिझाइनं पाठभर पसरलेली. तू विकतोस तो १८० जीएसएमचा सुती टी-शर्ट. तो पावसात भिजला की अंगावर ओझं होतो आणि उतरेपर्यंत वाळत नाही. स्वतः घालतोस का तो चंदेरीला? नाही घालत, ड्रायफिट घालतोस. जे स्वतः घालत नाहीस ते दुसऱ्याला कुठल्या तोंडाने विकणार? फिल्मवरून चिकटवलेली छपाई छातीवर प्लास्टिकच्या ठिगळासारखी बसते, तिच्याखाली घाम कोंडतो. पॉलिएस्टरवर सब्लिमेशनने छापलं तर रंग धाग्यातच उतरतो, हाताला लागत नाही. मात्र कापड पांढरं किंवा फिकं हवं, सुतीवर ते चालत नाही. आपल्याकडे टेनिस बॉलच्या स्पर्धांच्या जर्सी याच पद्धतीने छापतात, म्हणजे ते काम करणारे तुला लांब शोधावे लागणार नाहीत. ग्रुप लीडर तीस-चाळीस नग एकदम मागेल, तेव्हा एकेक नग छापणाऱ्याकडे जाऊन पैसे घालवू नकोस. सरळ स्क्रीन प्रिंटिंगवाला गाठ.

आणखी एक. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने शिवरायांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, अकरा आपले आणि तमिळनाडूतला जिंजी. आता रायगड, राजगड, प्रतापगड सगळेच छापणार. तू त्या गर्दीत घुसू नकोस. चंदेरीचा शेवटचा कातळटप्पा चढून आलेल्या पोराला 'चंदेरी' लिहिलेला टी-शर्ट कुठेच मिळत नाही. तो तुझ्याकडे मिळू दे. सुळक्याचं चित्र तू काढलेल्या फोटोवरून काढ, इन्स्टावरून दुसऱ्याचा फोटो उचलशील तर पुन्हा तीच चोरी. आणि रेषा चुकली तर ही माणसं तुला सोडणार नाहीत, हेही ध्यानात ठेव. त्यांना सुळका पाठ असतो.

तू लगेच म्हणशील, एकट्या चंदेरीवर किती खपणार? बरोबर विचारशील. गट म्हणजे एक वस्तू नव्हे, माणसं. चंदेरीचा टी-शर्ट घेणाराच गोरखगडाला जातो, त्यालाच उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि मानेला गुंडाळायचा बफ लागतो, तोच रात्रीच्या ट्रेकला निघतो. 'मांजर' हा गट नाही, कारण मांजर आवडणाऱ्या सगळ्यांची एकमेकांशी गाठ पडत नाही. ट्रेकवाले पहाटेच्या कर्जत लोकलला एका डब्यात भेटतात. माणसं एकत्र कुठे भेटतात, ती पैसे कशावर खर्च करतात आणि त्यांच्यात तुला कुणी ओळखतं का, या तीन प्रश्नांची उत्तरं नसतील तर तो गट तुझ्या कामाचा नाही, मग तो कितीही मोठा असो. आणि मे महिन्यात तयारी झाली नाही तर पावसाळा हातचा जाईल, हे मी तुला सांगायला नको.

जनरल दुकानाच्या बाजूने एकच गोष्ट मला मान्य आहे. आपले कोण हे ठाऊक नसेल तर दोन-तीन गटांसाठी थोडं थोडं मांडून बघावं, कोण परत येतं ते पाहावं आणि बाकीचं काढून टाकावं. पण त्याला मुदत हवी आणि वही हवी. तू वर्षभर मांडतोच आहेस, काढलं काहीच नाहीस. कुठल्या गिऱ्हाइकाने दोनदा घेतलं हे विचारलं तर तुझ्याकडे उत्तर नव्हतं. बीके शिकलेल्या पोराकडे हे उत्तर नसावं, याची मला लाज वाटली.

येत्या रविवारी चंदेरीला जाशील तेव्हा पॉलिएस्टरचा एक नमुना छापून अंगावर घालून जा, सॅक लावून. उतरल्यावर तो धू, वाळव, पुन्हा धू, रंग आणि शिलाई बघ. बरोबरच्या पाच जणांना किंमत सांग आणि ते काय बोलतात ते शब्द न बदलता लिहून आण. दुकानातलं बाकी सगळं बंद कर. आईला जाहिरातीचा पूर्ण खर्च सांग, माझ्यासमोर नको, आधी घरी. मग शनिवारी संध्याकाळी वही घेऊन माझ्याकडे ये. या वेळी आकडे पेनने लिहिलेले हवेत.